निवळ पाणी आणि निर्दोष पाणी

पावसाळा सुरू झाला की अतिसार, विषूचिका आणि आंत्रिक ज्वर यांचे रुग्ण आपल्या चिकित्सालयात वाढू लागतात. आपण कुटज-मुस्ता योजतो, लंघन व पथ्य सांगतो; रुग्ण बरा होऊन घरी जातो आणि आठवडाभरात त्याच घरातील दुसरा रुग्ण समोर येऊन बसतो. हा दुसरा रुग्ण टाळणे हेही वैद्याचेच काम आहे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

या मताला शास्त्राधार शोधण्यासाठी दूर जावयास नको. चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात, प्रकृती भिन्न असलेली माणसे एकाच वेळी एकाच व्याधीने का मरतात, हा अग्निवेशाचा प्रश्न आहे. वायू, जल, देश आणि काल हे सर्वांना समान असलेले चार भाव बिघडले की जनपदोद्ध्वंस होतो, हे त्याचे उत्तर. याचा अर्थ सरळ आहे. पाणी बिघडले असता प्रत्येक रुग्णाच्या दोषदूष्यांचा विचार पुरेसा ठरत नाही; पाण्याचाही विचार करावाच लागतो.

येथे एक गल्लत सर्रास आढळते. गढूळ पाण्यात निवळीचे बी उगाळून टाकले, अथवा पाणी फडक्याने गाळून घेतले, की ते पिण्यायोग्य झाले, असे आपल्यापैकी काही जण आजही रुग्णांस सांगतात. सुश्रुताचार्यांनी मात्र या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. सूत्रस्थानाच्या ४५ व्या अध्यायात निवळी, वस्त्र इत्यादी सात साधने सांगितली आहेत ती कलुषित, म्हणजे गढूळ पाणी स्वच्छ करण्यासाठी. बिघडलेल्या पाण्यासाठी अग्नीवर उकळणे, उन्हात तापविणे, तप्त लोहगोल त्यात विझविणे हे उपाय स्वतंत्रपणे दिले आहेत. निवळ पाणी आणि निर्दोष पाणी यांतला हा भेद आज सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. विषूचिकेचा व्हिब्रिओ कॉलरी आणि आंत्रिक ज्वराचा साल्मोनेला टायफी हे जंतू काचेसारख्या पाण्यातही सुखाने राहतात.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी आदी परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले आणि साथीतील रुग्णसंख्या दोनशेच्या वर गेली. अनेकांना आधी जुलाब झाले होते. काहींच्या मलपरीक्षणात कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू आढळला आणि दूषित पाण्याकडे लक्ष वेधले गेले. या जंतूविरुद्ध शरीराने निर्माण केलेली प्रतिद्रव्ये कधीकधी स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटतात. म्हणून जुलाब थांबले, एवढ्यावर समाधान मानू नये. पुढील काही आठवड्यांत पायांत मुंग्या येऊन बळ कमी होऊ लागले, तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे, ही सूचना अतिसाराच्या प्रत्येक रुग्णास देणे अगत्याचे आहे.

उकळलेल्या पाण्याविषयीही आपला उपदेश व्यवहार्य हवा. ज्वरादी अवस्थांत सांगितलेले अर्धे वा चतुर्थांश आटवलेले पाणी हा चिकित्सेचा भाग आहे. संपूर्ण कुटुंबास रोज तसे आटवावयास सांगितले तर इंधनाच्या खर्चामुळे ते काहीच करणार नाहीत. जंतुनाशासाठी पाण्यास खळखळून उकळी फुटून ती मिनिटभर टिकली की पुरे. मात्र ते झाकून ठेवावे, त्यात हात बुडवू नये, ओगराळ्याने घ्यावे. उकळलेले पाणी शिळे झाले की त्रिदोषकर होते, हे वाग्भटाचे वचन येथे स्मरावे. उकळलेल्या पाण्यात पुन्हा जंतू शिरल्यास त्यांना रोखणारे काहीच उरत नाही. तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवल्याने अतिसारकारक जंतू नष्ट झाल्याचे २०१२ च्या प्रयोगात दिसले ही आनंदाची बाब आहे. पण साथ चालू असता केवळ त्यावर विसंबू नये.

क्लोरिनचे बलस्थान नेमके हेच. ते पाण्यात शिल्लक राहते आणि नळापर्यंतच्या प्रवासात रक्षण करते. खंडित पुरवठ्यात नळांतील दाब उतरला की फुटक्या जोडांतून शेजारचे सांडपाणी आत ओढले जाते. म्हणून भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरले पाहिजे. ‘टीसीएलच्या पाण्याला औषधाचा वास येतो’ म्हणून गावकरी जुन्या विहिरीकडे वळतात, आणि वैद्यही त्यास मान डोलावतो, हे खेदजनक आहे. गावाचा आपल्यावर विश्वास आहे. तो टीसीएलच्या आणि ओ. टी. चाचणीच्या बाजूने उभा करावयास हवा.

चिकित्सेतही मर्यादेचे भान हवे. आमावस्थेत स्तंभन करू नये, ही आपली शिकवण आजही मोलाची आहे. पण विषूचिकेत रुग्ण दगावतो तो द्रवक्षयाने, आणि तोही काही तासांत. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडावाटे देऊन मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आणले. लाह्यांची पेज अवश्य द्यावी, परंतु ओआरएसची पुडी प्रत्येक वैद्याच्या मेजावर असावी. डोळे खोल गेलेला, लघवी बंद झालेला, वा पाणीही न टिकणारा रुग्ण तत्काळ रुग्णालयात पाठवावा. आंत्रिक ज्वराचा संशय येताच रक्तपरीक्षण व योग्य प्रतिजैविक यांची व्यवस्था करावी. त्याने आयुर्वेदाचे न्यून होत नाही.

वैद्यबंधु-भगिनींना एवढीच विनंती, की अतिसाराच्या प्रत्येक रुग्णास तीन प्रश्न विचारावेत: पाणी कोठून येते, ते उकळता का, आणि घरात वा शेजारी आणखी कोणी आजारी आहे का? उत्तरे नोंदवहीत लिहावीत. एकाच वस्तीतील दोन-तीन रुग्ण दिसताच त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. जनपदोद्ध्वंसाच्या मुळाशी आत्रेयांनी अधर्म सांगितला आणि त्याचा आरंभ देश-नगरांच्या प्रमुखांपासून होतो, असे म्हटले. त्या प्रमुखांना वेळेवर जागे करणे आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी एक दूरध्वनी पुरतो.