‘नको’ कुठे लिहिलंय?

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत हिशोब दाखवायचं काम माझ्याकडे होतं. प्रोजेक्टर लावला, पंचवीस-तीस माणसं खुर्च्या ओढून बसली, लिफ्टच्या खर्चाचा तक्ता पडद्यावर आला आणि नेमकी त्याच मुहूर्तावर माझ्या लॅपटॉपला स्वतःचा जीर्णोद्धार करून घ्यायची हुक्की आली. पडदा काळा, मधे एक गोल फिरतोय, खाली २३ टक्के आणि ‘कृपया बंद करू नका’. अर्ध्या तासाने तो गोल ६१ टक्क्यांवर होता. तळमजल्यावरचे काका म्हणाले, “अहो, वही नाही का ठेवत तुम्ही?” लिफ्टवरून भांडायला आलेली मंडळी माझ्यावरून भांडली, चहा प्यायली आणि घरी गेली.

लॅपटॉप कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही. त्याने मला आधी विचारलं होतं, हे मात्र कबूल करतो. चौकटीत दोन बटणं होती, ‘आत्ता’ आणि ‘नंतर’. चार दिवस मी ‘नंतर’ दाबत होतो. ‘नको’ कुठेच लिहिलेलं नव्हतं. पूर्वी मुलीचं लग्न परस्पर ठरवून तिला ‘मार्गशीर्षात की माघात’ एवढंच विचारायचे, त्यातलाच हा प्रकार.

एवढ्यावर माझ्या बाजूने टाळ्या वाजवू नका. प्रत्येक घराण्यात एक स्वयंघोषित कॉम्प्युटरतज्ज्ञ भाचा असतो आणि तो छातीठोकपणे सांगतो, “मामा, अपडेट बंदच करून टाका, मशीन स्लो होतं.” या भाच्याला मे २०१७ मध्ये कुणीतरी लंडनला न्यायला हवं होतं. विंडोजमधल्या एका भोकाचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर व्हायरस त्याच भोकातून शिरला आणि दीडशेहून अधिक देशांत फिरला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत हजारो रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या. ठिगळ दोन महिने तयार होतं, लावलं नव्हतं.

पण पुढच्याच महिन्यात जे घडलं, त्याने भाचा आणि मामा दोघांचीही बोलती बंद व्हावी. २७ जूनला ‘नॉटपेट्या’ नावाचा दुसरा व्हायरस आला. त्याची झळ थेट आपल्या न्हावाशेवापर्यंत पोचली. तिथल्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क या जहाजवाहतूक समूहाचं टर्मिनल ठप्प झालं आणि कंटेनर अडकून पडले. मर्स्कला पुढे जगभरातले ४५ हजार पीसी आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. आता गंमत बघा. हा व्हायरस पसरायला तेच जुनं, न बुजवलेलं भोक वापरत होता. पण तो पहिल्यांदा घरात शिरला कसा? युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून! म्हणजे अपडेट न करणारा मेला आणि इमानेइतबारे करणाराही मेला.

याचा अर्थ सरळ आहे. अपडेट म्हणजे घराची किल्ली. ती ज्याच्या हाती देतो त्याच्यावर आंधळा विश्वास टाकावा लागतो, दुसरा इलाज नाही. म्हणूनच त्या विश्वासाचा धंदा करणाऱ्यांची मला चीड आहे.

हा धंदा कसा चालतो त्याचा उत्तम नमुना २०१५चा. विंडोज ७ आणि ८.१ वापरणाऱ्यांना केबी ३०३५५८३ नावाचं एक अपडेट आलं. नंबर बघून माणसाला वाटावं, असेल काहीतरी सुरक्षेचं. निघाला विंडोज १० चा फेरीवाला. कोपऱ्यात बसून ‘घ्या हो, फुकट आहे’ करत राहायचा. २०१६ मध्ये तर त्याच्या चौकटीवरची लाल फुली दाबली, तरी तो होकारच धरला जायचा आणि अपग्रेडची वेळ कायम राहायची. दार लावून घेतलं, म्हणजे आत या म्हणालात! कॅलिफोर्नियातल्या एका प्रवास-व्यावसायिक बाईंचा कॉम्प्युटर न मागितलेल्या अपग्रेडने निकामी झाला. त्या कोर्टात गेल्या आणि मायक्रोसॉफ्टकडून १० हजार डॉलर वसूल करून आल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीच्या विपणनप्रमुखांनीही कबूल केलं की आमचं जरा अती झालं. हे उघडपणे म्हणायला त्यांना वर्षाची अखेर उजाडावी लागली.

नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरने जाताना हॉलच्या भिंतीवर मेव्हण्याच्या फर्निचर दुकानाची पाटी ठोकावी, आणि आपण हरकत घेतली की म्हणावं, “मग नळ गळू दे का?” तसंच हे. एप्रिल २०२४ च्या एका ऐच्छिक अपडेटने विंडोज ११ च्या स्टार्ट मेन्यूत ॲपच्या जाहिराती आणल्या. नाव काय, तर ‘शिफारसी’. त्याआधी, २०१५ मध्ये, विंडोज १० ने आणखी एक हात मारला होता. घरगुती वापरकर्त्याचं इंटरनेट वापरून अपडेटचे तुकडे परक्या लोकांच्या यंत्रांना पाठवायचे, आणि ही सोय मुळातच चालू ठेवलेली. रोजच्या दीड जीबीवर हॉटस्पॉट चालवणाऱ्या माणसाला न विचारता त्याच्या पैशाने गावजेवण.

‘पण रीस्टार्ट तर तांत्रिक गरज आहे,’ असं कुणी शहाणा म्हणेलच. अर्धं खरं आहे. विंडोजमध्ये चालू प्रोग्रामने धरून ठेवलेली फाइल सहसा बदलता येत नाही, म्हणून बदलांची यादी करून ठेवायची आणि मशीन पुन्हा सुरू होताना ते उरकायचे. लिनक्सचं तसं नाही. त्याचा बाप युनिक्स. त्या घराण्यात फाइलचं नाव आणि फाइलचं शरीर वेगळं असतं. दारावर नव्या भाडेकरूची पाटी लागते, जुना मात्र सामान आवरेपर्यंत आपल्या खोलीत निवांत. काम चालू असताना शेकडो फाइली बदलतात आणि टाइप करणाऱ्याला पत्ताही लागत नाही. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, बदलला तर तिथेही रीस्टार्ट हवाच, पण कधी करायचा ते तुम्ही ठरवता. रीस्टार्टची गरज आणि रीस्टार्टची सक्ती या दोन गोष्टी आहेत. पहिली अभियंत्याने निर्माण केली, दुसरी मॅनेजरने. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये यावर काढलेला तोडगा तर नमुनेदार होता: तुमचे कामाचे तास आम्हाला सांगा, तेवढ्यात त्रास देणार नाही. पण १२ तासांच्या वर सांगायचे नाहीत! मर्यादा पुढे १८ तासांवर गेली. घरच्या यंत्राने कधी झोपायचं हे मायक्रोसॉफ्टच्या मुख्यालयात ठरतं.

लिनक्सच्या अवतारांपैकी मला डेबियन आवडतं, कारण ते दुरुस्तीत दुसरं काही मिसळत नाही. त्याच्या ‘स्टेबल’ आवृत्तीत भोक सापडलं की, ब्राउझरसारखे अपवाद सोडले तर, तेवढं भोक बुजवतात. मेन्यू हलवत नाहीत, नवा रंग लावत नाहीत. सुरक्षेच्या दुरुस्त्यांचं भांडार वेगळं, नव्या आवृत्तीचा सोहळा साधारण दोन वर्षांनी एकदा. औषध औषधाच्या दुकानात, मिठाई मिठाईच्या. पण लिनक्सवाल्यांनी लगेच कॉलर ताठ करू नये. उबुंटूची स्नॅप पॅकेजं दिवसातून चार वेळा आपणहून नवं काही आहे का बघतात आणि असेल ते उतरवून घेतात. ते बेमुदत थांबवायची सरळ सोय २०२२ च्या अखेरीस आली, तीही लोकांनी वर्षानुवर्षं बोंब मारल्यावर. स्वातंत्र्याच्या आरत्या म्हणणाऱ्यांच्या देवळातही दानपेटीला कुलूप पुजाऱ्याचंच.

ॲपलला हे शहाणपण कळतं, हे जास्त चिडवणारं आहे. मे २०२३ मध्ये त्यांनी फक्त सुरक्षेपुरती छोटी अपडेट आणली. झटपट बसणारी, आणि नको वाटली तर काढून टाकता येणारी. जुलैत त्यातल्या एकामुळे काही वेबसाइट नीट दिसेनात, तेव्हा ते अपडेट मागे घेतलं आणि ज्यांनी बसवलं होतं त्यांना ते काढताही आलं. म्हणजे ‘नको’ बांधता येतं! आणि याच ॲपलच्या जानेवारी २०२५ मधल्या मॅकओएस १५.३ ने, ते पेलणाऱ्या यंत्रांवर, स्वतःचं एआय आपोआप चालू केलं. नको असलेल्याने सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करावं.

आता शेवटचा अंक. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षाचिप लागते. ती नाही म्हणून धडधाकट चालणारी यंत्रं अधिकृतपणे बाद. माझ्या कपाटावरचा एक डेस्कटॉपही त्यातलाच. आणखी वर्षभर ठिगळं हवी असतील तर मायक्रोसॉफ्टने घरगुती गिऱ्हाइकांपुढे तीन वाटा ठेवल्या. ३० डॉलर भरा. नाहीतर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून तुमच्या सेटिंग्ज त्यांच्या क्लाउडवर चढवा, मग पैसे नकोत. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच. तिसरी वाट मला सगळ्यात प्रामाणिक वाटली. बिंग या कंपनीच्याच सर्च इंजिनवर शोधाशोध करत राहिलं की बक्षिसाचे पॉइंट मिळतात. असे १००० पॉइंट साठवा आणि त्या बदल्यात, कंपनीच्याच कोडमध्ये राहिलेली भोकं कंपनीकडून बुजवून घ्या.