शेळीचं ब्राउझिंग, ओंडक्याचं लॉग-इन

इंग्रजी शब्द मराठीला गिळतायत, ही ओरड दर मराठी भाषा दिनाला होते. त्यावर औषध काय, तर ‘न्याहाळक’, ‘आंतरजाल’. बोलतं कोण हे?

इंग्रजीवाल्यांनी काय केलं ते बघा. ‘ब्राउझ’ म्हणजे मुळात शेळीने कोवळे शेंडे खुडत फिरणं. एक तोंड इथे, एक तिथे. रात्री दोन वाजता मोबाईलवर आपण दुसरं काय करतो? ‘लॉग’ म्हणजे ओंडका. गाठी मारलेल्या दोरीला लाकूड बांधून समुद्रात सोडायचं, किती गाठी सुटल्या त्यावरून जहाजाचा वेग काढायचा आणि वहीत लिहायचा. ती वही लॉगबुक. आपलं लॉग-इन त्या वहीतून आलं.

शेळ्या आणि ओंडके गडचिरोलीत कमी आहेत का? आलापल्लीचा साग तर देशभर जातो. इथला जंगलमजूर ‘कूप’ तोडायला जातो. तो शब्द फ्रेंच, अर्थ तोड. ‘रेंज’ इथे दोन, एक वनखात्याची, एक मोबाईलची. पहिली संपता संपत नाही, दुसरी मध्येच संपते. हे शब्द रुजवायला कुठली समिती बसली नव्हती.

भामरागडची, घरात माडिया बोलणारी पोरगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरते तेव्हा मराठी तिची दुसरी भाषा असते. ‘प्रमाणीकरण अयशस्वी’ ही तिसरी. पासवर्ड चुकला, एवढंच सांगायचं होतं ना? मग तेवढंच लिहा. नवा शब्द घडवायचाच असेल तर आधी तिला विचारा, ती त्याला काय म्हणते.