बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

या पानावर मी नेहमी बेणे, खोडवा, पाचट आणि खताचे हप्ते यांविषयी लिहितो. आज ट्रॅक्टरच्या बॅटरीवर लिहितोय म्हटल्यावर 'साहेबांनी ऊस सोडून गॅरेज काढले काय?' असे काही मंडळी म्हणतील. पण तुटलेला ऊस फडात पडून असतो आणि ट्रॅक्टर चालू होत नाही, तेव्हा नुकसान उसाचेच होते. तोडल्यापासून २४ तासांच्या आत ऊस गव्हाणीत पडावा असे आम्ही सांगत असतो. त्यापुढे वजन घटते, साखर उतरते. वजन एकाचे जाते, उतारा मात्र सर्वांचा जातो.

गेल्या हंगामातली गोष्ट. एका सभासदाचा ट्रॅक्टर दोन ट्रेलर भरून फडाच्या तोंडाशी उभा. सेल्फ मारला की नुसते 'खट'. बॅटरी गेली असे सर्वानुमते ठरले. दुकानात कुणी तपासली नाही. नवी घेतली, जुनी मोडीत दिली. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच 'खट'. शेवटी निघाले काय, तर डायनॅमोचा बेल्ट सैल! चूक बेल्टची आणि शिक्षा बॅटरीला. कित्येक हजारांचा भुर्दंड बसला, टोळी दोनदा बसून राहिली, ऊस वाळला तो वेगळाच.

माती तपासल्याशिवाय खत टाकू नका, असे आम्ही सांगतो. तोच न्याय इथेही लागू आहे. माझे स्पष्ट मत असे की, प्रत्येक ट्रॅक्टरमालकाच्या घरी एक साधा डिजिटल मीटर असलाच पाहिजे. चार-पाचशे रुपयांत मिळतो. मी शेतकी पदविकेचा माणूस, मिस्त्री नव्हे; मला वापरता येतो, तर तुमच्या दहावीतल्या पोरालाही येईल.

प्रथम डोळ्यांनी बघा. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर आहे काय? क्लॅम्प हाताने हलतो काय? बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर फारच लवतो काय? निम्मी दुखणी इथेच सापडतात. थर कोमट पाणी व खाण्याच्या सोड्याने धुवावा. पाणा लावताना निगेटिव्ह केबल आधी काढावी आणि शेवटी जोडावी. बॅटरीजवळ विडी-काडी पेटवू नये. तिच्यातून निघणारा वायू भडकतो.

मग हेडलाइट लावून सेल्फ मारा. गिअर न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला असावा. दिवे एकदम मावळले तर बॅटरी उतरली आहे किंवा जोड सैल आहे. दिवे जसेच्या तसे राहिले आणि सेल्फ गप्प, तर बॅटरीला हात लावू नका. स्टार्टरचा स्विच, सोलेनॉइड किंवा क्लच-न्यूट्रलचा सेफ्टी स्विच बघा. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन धरत नाही, तर दोष डिझेलचा: लाइनमध्ये हवा, फिल्टर चोंदलेला किंवा स्टॉप ओढलेला राहिला.

आता मीटर. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर ती भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. भरलेल्या बॅटरीवर सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी थकली असे समजावे, मात्र जोड आधी घट्ट केलेले हवेत. इंजिन मध्यम वेगावर असताना १३.८ ते १४.५ दिसले पाहिजेत. आकडा साडेबारावरच राहिला तर चार्जिंग होत नाही. बेल्ट आणि वायर बघून मग डायनॅमो इलेक्ट्रिशियनकडे न्यावा. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे. पाणी वारंवार आटते ते त्यामुळेच. आटलेल्या पाण्याच्या जागी डिस्टिल्ड वॉटरच घालावे, विहिरीचे नको आणि ॲसिडही नको.

अर्थिंग तपासायचे तर स्टॉप ओढून सेल्फ मारावा. मीटरची एक काडी निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंगची पट्टी गंजली किंवा सैल झाली आहे.

चालू इंजिनवर बॅटरीची केबल काढून 'डायनॅमो तपासण्याची' पद्धत आपल्याकडे अजून आहे. ती सोडा. जुन्या काळच्या डायनॅमोला चालून गेले असेल. आजच्या अल्टरनेटरचे डायोड त्याने जळतात.

एक कारण मात्र आपल्या गाडीतळावरच आहे. सेल्फ साधारण २०० अँपिअर ओढतो. पाच सेकंद मारला, तर ते भरून यायला १० अँपिअरने दीड-दोन मिनिटे चार्जिंग लागते. रांगेत आपण मिनिटभर इंजिन चालवतो, चार हात पुढे सरकतो, बंद करतो, असे रात्रभर. त्यात ५५ वॉटचे चार फोकस म्हणजे १८ अँपिअर, शिवाय टेपचा दणका! बॅटरी भरणार कधी? उभ्या गाडीवर फोकस आणि गाणी बंद ठेवली, तर निम्मा त्रास कमी होईल. चालकांना राग येईल, पण पहाटे साखळी लावून भरला ट्रॅक्टर ओढण्यापेक्षा ते बरे. ओढताना दोन वाहनांमध्ये माणूस सापडतो, हे विसरू नये.

कारखान्याच्या व्यवस्थापनालाही सुचवावेसे वाटते. वाहतूक करार करतानाच प्रत्येक ट्रॅक्टरची बॅटरी व चार्जिंग तपासून आकडे करारावर लिहावेत आणि प्रत्येक गट ऑफिसात एक मीटर ठेवावा. खर्च किरकोळ आहे. काही जण म्हणतील, हे मिस्त्रीचे काम. दुरुस्ती मिस्त्रीचीच, ती त्याच्याकडूनच करून घ्यावी. पण दुखणे कुठे आहे हे मालकाला ठाऊक असले, तर चांगली बॅटरी मोडीत जाणार नाही आणि तुमचा ऊस फडात वाळणार नाही.

मोळी पडण्याआधी एवढी तपासणी प्रत्येकाने करावी, ही नम्र विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी