दारावर आलेला टॅबलेटवाला

जानेवारी २०२०. मी पुण्यात ऑफिसात बसलेलो असताना अम्मीचा फोन आला. "एक मुलगा आलाय. हातात टॅबलेट आहे. घरात किती माणसं, कोण काय करतं, महिन्याला खर्च किती, असं विचारतोय. सांगू का?" त्या महिन्यात आपल्या प्रत्येकाच्या फोनवर काय काय फिरत होते ते तुम्हाला आठवत असेलच. मी दोन सेकंदही विचार केला नाही. "काही सांगू नकोस. दार लाव."

अम्मीने दार लावले. श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या मोहल्ल्यात दुपारी दार लावून घेणे ही साधी गोष्ट नाही. पाहुण्याला पाणी न विचारता परत पाठवले, याचे तिला आठवडाभर वाईट वाटत होते. मला मात्र आपण घर वाचवल्यासारखे वाटत होते.

तो मुलगा राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या श्रमबल सर्वेक्षणासाठी आला होता, हे मला ईदला गावी गेल्यावर कळले. दोन घरे सोडून राहणाऱ्या चाचांनी त्याला बसवून चहा पाजला होता आणि सगळी उत्तरे दिली होती. चाचांनी काय सांगितले ते पुढे येईलच. आधी मी काय केले ते सांगतो, कारण ते समजायला मला, सॉफ्टवेअर लिहून पोट भरणाऱ्या माणसाला, दोन वर्षे लागली.

हे सर्वेक्षण म्हणजे जनगणना नव्हे. जनगणना प्रत्येक दारात जाते, सर्वेक्षण मोजक्याच दारांत. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सुरू झाले, तेव्हापासून मूळ रीत फारशी बदललेली नाही. आधी गावे निवडायची, मग निवडलेल्या गावातली घरे निवडायची. गाव मोठे असेल तर त्याचे गट पाडून त्यातले काहीच घेतात. सर्वेक्षक त्या भागातल्या सगळ्या घरांची यादी करतो, आणि घरात दहावी किंवा त्यापुढे शिकलेली माणसे किती, यावरून त्या घरांचे वर्ग पाडतो. प्रत्येक वर्गातून ठरावीक घरे चिठ्ठी काढावी तशी उचलली जातात. आमचे घर असेच उचलले गेले होते. कोणी नाव, आडनाव, टोपी पाहून आलेले नव्हते.

आता आकड्यांकडे बघा. त्या वर्षी देशभरातून घेतलेली घरे होती साधारण एक लाख. देशात कुटुंबे २०११ च्या मोजणीनेच जवळपास २५ कोटी. म्हणजे निवडलेले एकेक घर सरासरी अडीच हजार घरांच्या वतीने बोलते. हिशेबाच्या फाइलमध्ये प्रत्येक घरापुढे हा आकडा लिहिलेला असतो, त्याला गुणक म्हणतात. गाव किती मोठे, वर्गात घरे किती, यावरून तो कमीजास्त होतो. ही फाइल, नाव-पत्ता काढून टाकलेली, मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट उतरवून घेता येते. मीही घेतली. साधी मजकुराची फाइल, एकापुढे एक नुसते अंक, आणि कोणता अंक कशासाठी हे सांगणारा वेगळा तक्ता. गुणकाला १०० ने भागायचे असते हे मी तक्त्यात वाचलेच नव्हते, त्यामुळे पहिल्या खेपेला भारताची लोकसंख्या हजारो कोटी निघाली. असो.

दार लावले की काय होते? सर्वेक्षक त्याच वर्गातले दुसरे घर घेतो. नमुना भरतो, तक्ता पूर्ण होतो, कोणाला काही कळत नाही. पण दार लावणारी घरे एकमेकांसारखी असतील, म्हणजे एकाच भीतीने, एकाच मोहल्ल्यात दार लावले जात असेल, तर त्यांच्या वाट्याचे बोलणे ज्यांनी दार उघडले ते करतात. आमच्या धंद्यात एक फरक कटाक्षाने पाळावा लागतो. किंमत शून्य असणे वेगळे आणि किंमत नोंदलेलीच नसणे वेगळे. आमचे घर शून्य नव्हते, नोंदलेले नव्हते. अंतिम अहवालात मात्र या दोन्हींची खूण सारखीच राहते, म्हणजे काहीच नाही.

आणि दार उघडले की सगळे ठीक होते, असेही नाही. चाचांचे ऐका. "बायको काय करते?" या प्रश्नाला त्यांनी अभिमानाने उत्तर दिले होते, "काही नाही, घरीच असते." टॅबलेटमध्ये कोड ९२ पडला असणार. या सर्वेक्षणात ९२ म्हणजे फक्त घरकाम. चाची हंगामाचे तीन-चार महिने व्यापाऱ्याच्या सुपाऱ्या घरी आणून सोलतात, किलोमागे पैसे घेतात, आणि त्या पैशांतून धाकटीची फी जाते. सर्वेक्षणाच्या नियमात याला जागा आहे. वर्षातून तीस दिवस किंवा जास्त केलेले काम दुय्यम काम म्हणून धरले जाते, आणि घरी माल आणून मजुरीवर काम करणारी बाई स्वयंरोजगारात मोजली जाते. मोजणीची सोय होती, प्रश्नही होता. उत्तर देणारा माणूस चुकीचा होता. चाची आतल्या खोलीत सुपाऱ्याच सोलत बसल्या होत्या.

मुस्लिम बायका कामच करत नाहीत, असे वाक्य एखाद्या चर्चेत आकडेवारीसह कोणी फेकले की आपल्याला राग येतो. त्या आकडेवारीत काही खरे आहेच, आपल्या मुली शिकून घरी बसतात हे मी नाकारत नाही. पण त्यात काही भाग चाचांच्या ओटीवरून गेलेला आहे.

चाचांचे दोन मुलगे. एक कतारला, एक जहाजावर. या किनाऱ्यावर हे घराघरांत आहे. सर्वेक्षणाच्या व्याख्येत कुटुंब म्हणजे एकत्र राहणारी, एका चुलीवर जेवणारी माणसे. सहा महिन्यांहून जास्त बाहेर असलेला माणूस त्यात बसत नाही. जनगणनेतही गणनेच्या सगळ्या काळात जो गावाबाहेर आहे तो गावात मोजला जात नाही, आणि देशाबाहेर असलेला कुठेच मोजला जात नाही. म्हणून शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात २०११ मध्ये हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया दिसतात, राज्यात ९२९ असताना. तिथे मुली जास्त जन्मतात असे नव्हे, पुरुष मुंबईत आणि समुद्रापलीकडे आहेत. ज्याच्या पैशावर घर चालते तो घराच्या नोंदीत नाही, आणि ज्या म्हाताऱ्या आईला तो पैसे पाठवतो तिच्यापुढे कोड ९४ लागतो, म्हणजे भाडे, पेन्शन किंवा बाहेरून आलेल्या पैशावर जगणारी. २००७-०८ च्या ६४व्या फेरीत स्थलांतराचे स्वतंत्र प्रश्न होते. आता जुलै २०२६ ते जून २०२७ अशी स्थलांतराच्या सर्वेक्षणाची योजना मंत्रालयाने जाहीर केली आहे. त्यात कोणी आपल्या दारात आले तर मुलगा कुठे आहे, पैसे किती पाठवतो, हे दडवण्यात आपला काय फायदा, ते मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

आता जिल्ह्याचे. २०२५ पासून श्रमबल सर्वेक्षणाचा नमुना वाढवून २.७२ लाख घरांचा केला गेला, आणि नमुना काढताना जिल्हा हा मूळ घटक धरला जातो. ही चांगली सुधारणा आहे. पण आपल्या जिल्ह्यात पंधरा तालुके आहेत, एका टोकाला पनवेल महानगरपालिका आणि दुसऱ्या टोकाला म्हसळा. दोघांची सरासरी काढली की पनवेलच्या नोकऱ्यांची सावली म्हसळ्यावर पडते आणि म्हसळा बरा दिसू लागतो. त्यात भर म्हणजे २०२१ ची जनगणना झालीच नाही. गावांच्या ज्या यादीतून नमुना उचलायचा तिचा पाया अजून २०११ चा.

सरकारवर विश्वास का ठेवायचा, हा प्रश्न तुम्ही विचाराल, आणि तो विचारायलाच हवा. २०१७-१८ चा बेरोजगारीचा अहवाल तयार असून रोखला गेला, आणि त्या वादात जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन स्वतंत्र सदस्यांनी, पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी यांनी, राजीनामे दिले. ६.१ टक्क्यांचा आकडा अधिकृतपणे आला तो निवडणूक होऊन गेल्यावर, ३१ मे २०१९ रोजी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये २०१७-१८ च्या घरखर्चाचे सर्वेक्षण दर्जाचे कारण देऊन रद्द केले गेले. हे सगळे घडले आहे. पण ते उघड झाले, कारण आतल्या माणसांनी आकडे जपले होते आणि बाहेरच्यांना ते वाचता येत होते.

भीतीचा मुद्दा वेगळा आहे आणि तो खोटा नाही. राष्ट्रीय लोकसंख्या नोंदणीचे प्रश्न २०१० मध्ये घरयादीच्या जोडीने विचारले गेले होते, आणि २०२० मध्ये तसेच होणार होते. ती नोंदणी नागरिकत्व कायद्याखालच्या २००३ च्या नियमांतून येते. जनगणना १९४८ च्या कायद्याखाली चालते. त्याचे कलम १५ सांगते की नोंदी कोणाला पाहायला मिळणार नाहीत आणि पुरावा म्हणूनही वापरता येणार नाहीत. कलम ८ मध्ये तर घरातल्या बाईचे नाव सांगण्याची सक्ती नाही, अशीही सूट आहे. नमुना सर्वेक्षण २००८ च्या सांख्यिकी कायद्याखाली येते, त्यातही गोपनीयतेची तरतूद आहे. तीन वेगळे कायदे, तीन वेगळी कामे. दारात आलेल्याला ओळखपत्र मागा, कोणत्या कायद्याखाली आलात ते विचारा. मी अम्मीला हे सांगायला हवे होते.

न सांगण्याची किंमत आपण मोजलेली आहे. २००६ चा सच्चर समितीचा अहवाल आठवा. त्याची ताकद भाषणात नव्हती, जनगणनेच्या आणि नमुना सर्वेक्षणाच्या तक्त्यांत होती. त्याच अहवालात एक गंमत आहे. १९९९-२००० मध्ये मुसलमानांपैकी ३१.७ टक्के लोकांनी आपण ओबीसी असल्याचे सांगितले होते, २००४-०५ मध्ये ४०.७ टक्क्यांनी. पाच वर्षांत कोणाची बिरादरी बदलत नाही, सांगण्याची जाणीव बदलते. २०२७ च्या जनगणनेत जात सगळ्यांना विचारली जाणार आहे, आपल्यालाही. "आमच्यात जात नसते" हे उत्तर दीनदृष्ट्या कितीही बरोबर असले, तरी अत्तार, बागवान, मोमीन किंवा पिंजारी घरातल्या मुलाच्या दाखल्यावर जे लिहिले आहे ते तिथे न सांगणे म्हणजे त्याच्या हक्काचा पुरावा आपणच पुसणे.

भाषेचेही तसेच. २०११ मध्ये महाराष्ट्रात मुसलमान १ कोटी २९ लाखांहून अधिक होते आणि उर्दू मातृभाषा सांगणारे सगळे मिळून सुमारे ७५ लाख. म्हणजे किमान ५४ लाख मुसलमानांनी उर्दूशिवाय दुसरे काही सांगितले. देशभरातून तेव्हा मातृभाषांची १९,५६९ नावे आली होती. ती तपासून, जुळवून १,३६९ केली गेली आणि पुढे १२१ भाषांत बसवली गेली. आम्ही घरात जी कोकणी मराठी बोलतो ती त्यातल्या कोणत्या खणात पडली असेल, हे आमच्या घरातल्या उत्तरावर होते. अब्बांनी "उर्दू" सांगितले होते. अब्बांना उर्दू वाचता येते, पण अम्मीशी भांडताना मी त्यांच्या तोंडून उर्दूचा एक शब्द ऐकलेला नाही.

घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ च्या दरम्यान, आणि माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये. गेल्या खेपेला गावी गेलो तेव्हा हे सगळे मी चाचींना समजावत बसलो होतो. त्यांनी सुपाऱ्या बाजूला सारून बोटांवर हंगामाचे दिवस मोजले आणि म्हणाल्या, "नव्वदच्या वर होतात रे." चाचा पेपर वाचत होते, त्यांनी मान वर केली नाही. अम्मी म्हणाली, "आता कोणी आला की आधी पाणी देईन, मग कार्ड बघीन. तू फक्त मधेच फोन करू नकोस."