दवाखान्याची दुसरी पाटी

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या घरचा दवाखाना असेल. कुणाचे यजमान डॉक्टर, कुणाचे दीर, कुणाची जाऊ. कंपाउंडरची रजा, औषधांची बिलं, पडद्यांची धुलाई, सारं तुमच्याच गळ्यात! मग दवाखान्याची वेबसाइटही एकदा तुमच्या नजरेखालून जायला हवी, नाही का?

दारावरची पाटी पुसट झाली, की आपण लगेच रंगारी बोलावतो. इंटरनेटवरची पाटी मात्र वर्षानुवर्षं तशीच लटकत असते. आमच्या गावात गेल्या पावसाळ्यात एक आई तापानं फणफणलेलं मूल घेऊन वेबसाइटवरच्या पत्त्यावर पोचली. तिथं होतं झेरॉक्सचं दुकान! दवाखाना हलून तीन वर्षं झाली होती.

म्हणून नवी वेबसाइट करून घेताना आधी रंगांचा विचार करू नका. कडेवर मूल आणि हातात मोबाइल असलेल्या त्या आईला काय हवं, ते पाहा. दवाखान्याची वेळ, सुट्टीचा वार, खुणेसकट पत्ता आणि बोट लावताच लागणारा फोन. हे सारं उघडताक्षणी दिसावं, मोठ्या अक्षरांत आणि मराठीत. दवाखाना बंद असताना कुठं जावं, तेही लिहावं. रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक विसरू नका.

आता माळा आवरतो तसं जुनं काढून टाका. हलती चित्रं ‘फ्लॅश’मध्ये केलेली असतील, तर ती आता दिसतच नाहीत, ते तंत्र २०२० च्या अखेरीस बंद झालं. पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ नसेल, तर क्रोम २०१८ पासून ‘सुरक्षित नाही’ असा इशारा दाखवतो. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र फुकटही मिळतं, बरं का!

‘हमखास गुण’ वगैरे मजकूर मुळीच नको. रुग्णांना ओढणारी जाहिरात करायला २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांत मनाई आहे. अमुक औषधानं मधुमेह बरा होतो अशी जाहिरात तर १९५४ च्या कायद्यानं गुन्हाच आहे. त्यापेक्षा डॉक्टरांची पदवी आणि नोंदणी क्रमांक द्यावा. नंबर लावण्याच्या अर्जात नाव, फोन आणि वेळ एवढंच विचारावं. दुखणं काय, ते डॉक्टरांसमोर सांगता येतं.

आणखी एक. वेबसाइटचं नाव कुणाच्या नावावर घेतलंय, ते तपासा. पुष्कळदा ते एखाद्या भाच्यानं हौसेनं घेतलेलं असतं आणि भाचा आता परगावी! मुदत संपली, की पाटीच उतरते. नाव डॉक्टरांच्या नावावर करून घ्या, पासवर्ड घरच्या वहीत लिहून कुलपात ठेवा. गूगलच्या नकाशावरचा पत्ताही त्याच दिवशी बदला.

सारं झालं, की मोबाइल सासूबाईंच्या हाती द्या आणि म्हणा, “आई, दवाखान्यात फोन लावा बरं.” त्यांना चष्मा शोधावा लागला, तर अक्षरं अजून मोठी करायला सांगा.