जुन्या गोव्यात पुढच्या दाराने या!

गोव्याला जाऊन आला असाल, तर जुन्या गोव्यातली चर्चही पाहिली असतील. पण तिथे गेलात ते गाडीने, म्हणजे शहराच्या मागच्या दाराने. पुढचं दार नदीकडे आहे. पुढच्या खेपेला मुलांना आणि आजी-आजोबांनाही तिथेच न्या.

से कॅथेड्रलपासून थोडं उतरून गेलं, की मांडवीच्या धक्क्याजवळ व्हाइसरॉयची कमान लागते. 1510 मध्ये अल्बुकर्कने हे शहर आदिलशहाकडून जिंकलं. पुढे नवा व्हाइसरॉय आला, की या कमानीतून वाजतगाजत शहरात शिरायचा. नंतर रोगराईने शहर उजाड झालं आणि 1843 मध्ये राजधानीचा मान पणजीला मिळाला.

धक्क्यावरून दिवाडी बेटावर जाणारी फेरीबोट पकडा. प्रवास जेमतेम काही मिनिटांचा, क्रूझचं महागडं तिकीट नको. बोट निघाली, की मागे वळून पाहा. झाडीतून डोकावणारी चर्च दिसतील. दर्यावर्दींना शहर दिसायचं ते असं, पाण्यावरून!

आता समोरचा काठ पाहा. कदंब राजांचं दैवत सप्तकोटेश्वर याच दिवाडीवर होतं. पोर्तुगिजांनी देऊळ पाडलं, तेव्हा भक्तांनी देव नदीपलीकडे नार्व्याला नेला. 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार केला. बेटाच्या दुसऱ्या टोकाहून नार्व्यालाही फेरीबोट जाते. तेवढं दर्शन चुकवू नका.

भूक लागली? मग ताटातला इतिहास वाचा. माशांच्या हुमणातला नारळ, कोकम आणि तिरफळ इथलीच. तिखट मिरची मात्र पोर्तुगिजांच्या गलबतांतून आली, मूळची अमेरिकेची. काजू, अननस, बटाटा तर नावासकट आले. आपल्या वडापावातला ‘पाव’ हा शब्दही त्यांचाच! पोर्तुगालमध्ये मांस वाइन आणि लसणीत मुरवत. गोव्यात वाइनऐवजी माडाच्या ताडीचं व्हिनेगर आलं, मिरची आली आणि विंदालू जन्मला. शाकाहारी असाल तर खतखतं मागा. भाज्या, तूरडाळ, ओलं खोबरं आणि तिरफळ, कांदा-लसूण नाही.

इथे एखादं चुणचुणीत पोर विचारेल, ‘‘ज्यांनी देऊळ पाडलं, त्यांचीच मिरची आपण खायची?’’ घाईघाईने उत्तर देऊ नका. त्याला दोन्ही काठ दाखवा, दोन्हीकडचं खाऊ घाला. पाडलेलं देऊळ विसरायचं नाही आणि मिरचीवाचून आता आपलं कालवणही होत नाही, हे त्याचं त्याला उमगू द्या.

आणि हो, परतीची शेवटची बोट किती वाजता, ते धक्क्यावर आधीच विचारून ठेवा. गप्पांच्या नादात ती चुकते!