किल्ली सोडण्याचं कौशल्य

मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या मंडळ्यांमधून हल्ली एक शिबिर हमखास भरतं. विषय असतो ‘ख्रिस्ती नेतृत्वविकास’. सभेत कसं बोलावं, वेळ कसा वापरावा, ध्येय कसं ठरवावं, लोकांवर छाप कशी पाडावी, हे दोन दिवसांत तरुणांना शिकवलं जातं. प्रत्येक मुद्द्याला पवित्र शास्त्रातलं एक उदाहरण असतं. नहेम्या हा कुशल व्यवस्थापक, योसेफ दूरदृष्टीचा कारभारी आणि येशू बारा जणांची फळी बांधणारा. समारोपाला प्रमाणपत्रं वाटली जातात. अशा शिबिरांत मी बसलो आहे, दोन-तीनदा बोललोही आहे, आणि आज त्यांच्या विरोधात लिहितो आहे.

आधी त्यांची बाजू पुरती मांडायला हवी, कारण ती दुबळी नाही. नगर आणि जालना भागातल्या आपल्या कितीतरी मंडळ्या गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून उभ्या राहिल्या. त्या वस्त्यांतल्या माणसांना चारचौघांत मान वर करून बोलण्याची मुभाच पिढ्यान्‌पिढ्या नव्हती. अशा घरातली मुलगी माईक हातात धरून दोनशे माणसांपुढं न अडखळता बोलते, तेव्हा तिच्या आजीचे डोळे भरून येतात. धन्यानं सोपवलेलं धन जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाचा दृष्टान्त आपण सगळ्यांनी ऐकला आहे. देणगी वाढवायची असते. म्हणून ‘कौशल्यबिशल्य काही नको, फक्त प्रार्थना करा’ असं म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मी बसणार नाही.

माझा आक्षेप मोजमापाला आहे. शिबिर नेत्याची उंची मोजतं. त्याचा प्रभाव किती, त्याचं ऐकणारे किती, त्याचा आत्मविश्वास केवढा. शास्त्रातल्या ज्या गोष्टी ते आधाराला घेतं, त्यांत मात्र मोजमाप दुसरंच आहे.

निर्गमाच्या अठराव्या अध्यायातला मोशे घ्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो एकटा न्याय करत बसायचा आणि लोक ताटकळत उभे असायचे. सासरा इथ्रो हे बघून म्हणाला, यानं तूही थकशील आणि लोकही. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम आणि काम वाटून दे. शिबिरात हा प्रसंग वेळेच्या नियोजनाचा धडा म्हणून येतो. मोशेचा वेळ वाचला खरा, पण माझं लक्ष जातं ते त्या दहांवर नेमलेल्या माणसाकडं. काल-परवापर्यंत तो मिसरात विटा थापत होता, आणि आता शेजाऱ्याचं भांडण ऐकून निवाडा देणार होता. गुलामांमधून न्यायाधीश तयार होण्याची ती गोष्ट आहे. मोशेनं आपली जागा अडवून ठेवली असती, तर ती घडलीच नसती.

नहेम्याचंही तेच. यरुशलेमची भिंत बावन्न दिवसांत पुरी झाली, हे प्रत्येक वक्ता सांगतो. त्याच पुस्तकाच्या पाचव्या अध्यायावर मात्र फारसं कुणी थांबत नाही. शेतं गहाण पडली होती, पोटची पोरं गुलामीत द्यावी लागत होती, आणि नहेम्यानं आपल्याच समाजातल्या प्रतिष्ठितांना भर सभेत उभं करून व्याज सोडायला लावलं. स्वतः अधिपती असूनही बारा वर्षं त्यानं अधिपतीचा भत्ता घेतला नाही. भिंत बांधण्याचं तंत्र पैसे भरून शिकता येईल, पण हा पाचवा अध्याय प्रमाणपत्रात बसत नाही.

यावर शिबिरवाले म्हणतील, ‘आम्ही सेवक-नेतृत्वच शिकवतो.’ हा शब्द आता आपल्या व्यासपीठांवर रुळला आहे. रॉबर्ट ग्रीनलीफ या अमेरिकी गृहस्थानं १९७० साली एका निबंधातून तो रूढ केला. टेलिफोन कंपनीत सारी नोकरी केलेला हा माणूस क्वेकर पंथाचा होता. त्यानं त्या शब्दासोबत एक कसोटीही दिली होती. ज्यांची सेवा केली ती माणसं वाढली का? अधिक मोकळी, अधिक शहाणी, स्वतः सेवा करण्याजोगी झाली का? समाजात सगळ्यांत खाली असलेल्याचं काय झालं? शब्द आपल्याकडं पोचला, कसोटी वाटेतच राहिली. म्हणून वर्षातून एकदा पवित्र आठवड्यात पाय धुण्याचा विधी होतो आणि उरलेलं वर्षभर तीच माणसं त्याच खुर्च्यांवर बसतात. लूक सांगतो की आपल्यात मोठा कोण, यावरून शिष्यांचा वाद शेवटच्या भोजनाच्या मेजावरच झाला होता. येशूनं कमरेला रुमाल बांधला तो त्याच रात्री, आणि धुतलेल्या पायांत यहूदा इस्कार्योताचेही पाय होते. तिथं छाप पाडण्याचा प्रश्नच नव्हता.

दुसरा प्रतिपक्ष जुना आहे आणि मला तो अधिक घातक वाटतो. त्याचं म्हणणं असं की नेता देव निवडतो, त्याला प्रश्न विचारू नये, अभिषिक्ताला हात लावू नये. आपली साधी, श्रद्धाळू माणसं या वाक्यानं गप्प होतात. पण दावीदानं हे तत्त्व पाळलं म्हणजे काय केलं, ते नीट वाचा. गुहेत शौल हाती लागला असताना दावीदानं त्याचा जीव घेतला नाही. मग गुहेबाहेर येऊन, शौलाच्या सैनिकांना ऐकू जाईल अशा आवाजात, त्याचा अन्याय त्याला सुनावला. पुढं दावीद स्वतः राजा झाला आणि चुकला, तेव्हा नाथान त्याच्या तोंडावर बोलला. अंत्युखियात पौलानं पेत्राला सर्वांदेखत अडवलं. म्हातारा शमुवेल तर आपणहून लोकांपुढं उभा राहिला आणि विचारू लागला, मी कुणाचा बैल घेतला, कुणाकडून लाच खाल्ली, सांगा. यरुशलेमच्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी नेतानाही पौलानं बरोबर इतर विश्वासू माणसं घेतली, कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. ज्यांच्या हाती पैसा आणि मान होता, अशांचा हिशेब शास्त्रात पुन्हा पुन्हा मागितला गेला आहे. मिळकतींवरून आपल्या मंडळ्यांतली किती भांडणं कोर्टाच्या पायऱ्या चढली, हे वाचकांना मी सांगायला नको. प्रश्न विचारणं म्हणजे बंड, हे आपण मुलांना शिकवलं, त्याची ती फळं आहेत.

मग ख्रिस्ती माणसानं नेतृत्वाचं कोणतं कौशल्य कमवावं? प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय उघडा. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं, अशी तक्रार आली. प्रेषितांनी सात माणसं निवडायला लावली. त्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती भांडार गेलं. तक्रार ऐकणारे नेते मी पुष्कळ पाहिले, तक्रारदाराच्या हाती किल्ली देणारे फार थोडे. मला वाटतं, किल्ली सोडता येणं हेच ते कौशल्य.

ते आपल्या मातीत घडलेलं आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला ख्रिस्ती झाल्या. पण एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडाखाली जाणार नाही, हे त्यांनी तिथल्या वडीलधाऱ्यांना पत्रांतून स्पष्ट कळवलं. त्यांनी तरुण पुरुषांना शिकवू नये, असा आक्षेप बिशपांनी घेतला, तेव्हाही त्या नमल्या नाहीत. नम्रता म्हणजे मान खाली घालून उभं राहणं, असं समजणाऱ्यांनी ती पत्रं वाचावीत. आणि स्वतःसाठी हे स्वातंत्र्य मागणाऱ्या या बाईनं दुसऱ्यांना काय दिलं? १८८९ साली मुंबईत शारदा सदन निघालं. तिथं आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई शिकली, आणि १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून आनंदीबाई झाली. महाराष्ट्रानं तिला बाया कर्वे म्हणून ओळखलं. ती ख्रिस्ती झाली नाही, पण रमाबाईंनी घडवलेली बाई कर्व्यांच्या हिंगण्याच्या विधवाश्रमाच्या कामात उभी राहिली. पुढं मध्य प्रांतातल्या दुष्काळातून आणलेल्या मुलींनी केडगावचं मुक्ती सदन भरलं. हाडांचे सापळे होऊन आलेल्या त्या मुली विणू लागल्या, शेती करू लागल्या, छापखाना चालवू लागल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत केलेलं बायबल त्या छापखान्यात बायकांनीच जुळवलं आणि छापलं. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. त्याच्या आदल्या वर्षी त्यांची मुलगी मनोरमा गेली होती. पुढचा सगळा भार तिच्यावर टाकायचं त्यांच्या मनात होतं, तरीही मुक्तीचं दार बंद झालं नाही.

ग्रीनलीफनं निबंध लिहिला त्याच वर्षी, १९७० मध्ये, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे जामखेडला आले. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. रोग्यांची रांग लावून देवमाणूस म्हणवून घेणं त्यांना सोपं होतं. शिकलेल्या परिचारिका खेड्यात टिकत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी गावानंच निवडलेल्या बायांना शिकवायला घेतलं. बहुतेकींनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, कित्येकी दलित वस्तीतल्या होत्या. बाळंतपण सुखरूप करणं, पोरांचं वजन करणं, जुलाबात मीठ-साखरेचं पाणी पाजणं, कुष्ठरोगाचा चट्टा ओळखणं, हे सगळं त्या शिकल्या आणि गावात जाऊन त्यांनी इतरांना शिकवलं. जी बाई विहिरीला शिवू शकत नव्हती, तिच्याच हातावर गावातली बाळं जन्माला येऊ लागली. डॉक्टरांनी आपलं ज्ञान हातचं राखलं नाही, म्हणून हे झालं. १९७९ साली त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता माझं सांगतो. मी आमच्या तरुण संघाचा अकरा वर्षं खजिनदार होतो. हिशेब चोख होता, एक पैसा इकडचा तिकडं झाला नाही, आणि त्याबद्दल माझा सत्कारही झाला. बदली होऊन गाव सोडलं, तेव्हा कीर्द लिहिता येणारं संघात कुणीच नव्हतं. सहा महिने वर्गणी जमली नाही, आणि तीन मुलांच्या फीला आम्ही जी मदत करायचो ती त्या वर्षी गेली नाही. त्यांतलं एक पोर शाळेतून उठलं. अकरा वर्षांत मी एकाही मुलाला शेजारी बसवून जमा-खर्च कसा मांडतात ते दाखवलं नव्हतं. कामाचा ध्यास होता, असं तेव्हा मी म्हणत असे. खरं म्हणजे मला माझी गरज भासवत राहायची होती.

म्हणून या वर्षी शिबिर भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे. वक्ता बोलावू नका. मंडळीची कीर्द आणि गेल्या वर्षीच्या सभेचं इतिवृत्त टेबलावर ठेवा, आणि मुलांना ते वाचून प्रश्न विचारू द्या. उत्तरं पाळकसाहेबांनी आणि वडीलवर्गानं द्यावीत. वार्षिक सभेत खजिनदार बदलायची वेळ आली की मागच्या बाकावर गप्प बसलेल्या एखाद्या मुलीकडं बघा. तिला सहा महिने शेजारी बसवा, चुकू द्या, आणि मग अर्पणपेटीची किल्ली तिच्या हातात देऊन तुम्ही मागच्या बाकावर जाऊन बसा.